कणकेत न घातलेलं चूर्ण

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही गावांत माझ्यापेक्षा मोठा आवाज कोणाचा नाही. घरात मात्र चहा पाहिजे असेल तर मला दोनदा खाकरावं लागतं, आणि तिसऱ्यांदा खाकरलो की चहाऐवजी खोकल्याचं औषध मिळतं.

धंदा सांगतो. रिक्षाच्या टपावर भोंगा बांधून मी जाहिराती फिरवतो. त्याआधी पंधरा वर्षं शेअर रिक्षा मारली, बदलापूर स्टेशन ते बेलवली. स्टँडवर उभं राहून 'बेलवली एक सीट, बेलवली एक सीट' ओरडून ओरडून गळा असा तयार झाला, की पूर्वेला कात्रपला जाणारा माणूस पूल ओलांडून पश्चिमेला यायचा आणि माझ्या रिक्षात बसायचा. अर्ध्या रस्त्यात विचारायचा, ही कुठे चाललीय. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की आपल्या आवाजानं माणसं चुकीच्या जागी पोचतात.

शाळेत म्हणे निबंध देतात, जाहिरात शाप की वरदान. मी त्या इयत्तेपर्यंत पोचलोच नाही. चौथीत मास्तरांनी घरी पाठवलं ते परत न्यायला कोणी आलं नाही, आणि मीही आठवण केली नाही. त्यामुळे निबंध काय मला जमणार नाही. माझ्या घरात काय झालं ते सांगतो. त्यात माझ्या बायकोचा पायाचा अंगठा जायची वेळ आली होती.

बायकोला साखर आहे. सात वर्षं झाली. सकाळी एक गोळी, रात्री एक गोळी, कुळगावचा डॉक्टर देतो त्या. दिवसभर ती दारात बसून जीन्सचे धागे कापते. उल्हासनगरच्या कॅम्प तीनच्या कारखान्यातनं गठ्ठे येतात, शिलाईला लोंबणारे धागे छोट्या कात्रीनं काढायचे, घडी घालून परत पाठवायच्या. अख्ख्या दुनियेच्या पँटी माझ्या घरातनं चकाचक होऊन जातात. माझ्या पँटीचा खिसा फाटलाय तो फाटलेलाच. विचारलं तर म्हणते, "त्यात ठेवण्यासारखं काय असतं तुमच्याकडे?"

मला भोंग्यावर आणलं कॅम्प तीनच्याच एका माणसानं. तो सिंधी, मला चाचा म्हणतो, मी त्याला साईं म्हणतो. एकदा माझ्या रिक्षात बसला आणि माझं ओरडणं ऐकून म्हणाला, "चाचा, ये गला रिक्षा में वेस्ट हो रहा है।" मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी वेस्ट म्हणालं आणि मला बरं वाटलं.

त्याचा स्टुडिओ जीन्सच्या कारखान्याच्या माळ्यावर. स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, एक काँप्युटर आणि एक माइक. खाली वीस मशिनी धडधडत असतात. रेकॉर्डिंगच्या वेळेला साईं जिन्यातनं ओरडतो, "दो मिनिट मशीन बंद करो भाई।" कारागीर मशिनी बंद करून चहा घेतात. ते चहा संपवेपर्यंत आम्ही जाहिरात संपवायची. आमची कुठलीही जाहिरात दोन मिनिटांचीच का असते हे लोकांना कळत नाही. कटिंग चहा तेवढाच असतो.

जाहिराती लिहून देतो एक रिटायर मास्तर. चांगला माणूस, शुद्ध लिहितो. मला जोडाक्षर आलं की धाप लागते, म्हणून साईं वाचणार आणि मी मागनं म्हणणार. बायकोला त्या मास्तरचं फार कौतुक. माझी जाहिरात गल्लीतनं गेली की म्हणायची, "किती छान लिहिलंय." बोललंय कोणी, ते काढायचीच नाही.

पहिली जाहिरात चादरींची. अंबरनाथला एका हॉलमधे सेल. 'फक्त तीन दिवस. शेवटचे तीन दिवस. आज नाही तर कधीच नाही.' हे मी आठ महिने ओरडत होतो. लोक येऊन विचारायचे, काका, तुमचे तीन दिवस कुठल्या कॅलेंडरचे? मी हसायचो. पण मी त्यांच्यावर हसू नये, कारण पहिल्या दिवशी संध्याकाळी सेल बंद व्हायला अर्धा तास असताना मी स्वतः पळत जाऊन चादर आणली होती. दिवसभर माझाच आवाज ऐकून मीच घाबरलो होतो, की संपल्या तर काय करायचं. चादरीवर मोठा मोर होता. पहिल्या धुण्यात तो माझ्या बनियनवर आला. बायको म्हणाली, "पैसे वसूल. एका मोरात दोन कपडे."

आता वरदान पण सांगतो, नाहीतर म्हणाल खाल्ल्या ताटाला नावं ठेवतो. कुळगावचे एक आजोबा सकाळी घरातनं निघाले ते आलेच नाहीत. विसरायला व्हायचं त्यांना. त्यांचा मुलगा रडत माझ्याकडे आला. मी काही मास्तरची वाट बघितली नाही, माइक घेतला आणि सुरू झालो, पांढरं धोतर, डोळ्याला जाड चष्मा, उजव्या कानात भिकबाळी. बदलापूर झालं, अंबरनाथला गेलो. तासाभरात फोन आला, सापडले. कुठे? चादरीच्या सेलमधे. गठ्ठ्यावर बसून होते. सगळं विसरलेला माणूस, स्वतःच्या मुलाचं नाव विसरलेला, पण 'शेवटचे तीन दिवस' हे त्याच्या लक्षात राहिलं होतं. माझ्या आवाजानं त्यांना हरवलं आणि माझ्याच आवाजानं शोधलं. मुलानं माझ्या पाया पडायचं बाकी ठेवलं. मी पण पडू दिलं असतं, एवढा मी निर्लज्ज.

मग बिल्डरची. 'स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं.' मधेमधे मी भाडं पण मारायचो. एक दिवस एक बाई नवऱ्याला घेऊन तीच जागा बघायला माझ्याच रिक्षात बसली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. घरं संपली, शेतं लागली, एक म्हैस रस्त्यात आडवी बसलेली, ती उठेपर्यंत थांबलो. बाई मागनं म्हणाली, "भाऊ, त्या भोंग्यात तुमच्यासारखाच आवाज आहे हो." मी आवाज बारीक केला, बाईसारखा, आणि म्हणालो, नाही ताई, मला तर घशाचा त्रास आहे. परत येईपर्यंत मी त्याच आवाजात बोललो. उतरताना तिनं मला लवंग दिली.

त्या लवंगेची मला लाज वाटायला पाहिजे होती. मला वाटलं, चला, लवंग मिळाली.

मग ते चूर्ण आलं. साखरेवरचं. कोण बनवतो मला माहीत नाही, डबा कसला असतो ते पण तोवर बघितलं नव्हतं. मास्तरनं लिहिलेलं होतं ते साईंनं वाचलं, मी म्हटलं. 'साखरेचा आजार मुळापासून. ना चव, ना वास. भाजीत घाला, कणकेत घाला, पेशंटला कळणारसुद्धा नाही.' एवढ्यात संपलं. पण त्या दिवशी खाली चहा उशिरा आला होता, कारागीर अजून फुंकर मारत होते. साईं म्हणाला, "चाचा, टाइम बचा है। कुछ घर का बोल दो, फीलिंगवाला।"

आणि मला फीलिंग आलं. मी माइकला तोंड लावलं आणि म्हणालो, "मंडळी, दुसऱ्याचं कशाला सांगू. माझ्या स्वतःच्या बायकोला महिनाभर मी कणकेतनं देतोय. तिला पत्ता नाही. तिची साखर अशी खाली आलीय, की गोळ्यांचा डबा मी खिडकीतनं फेकून दिला."

साईं खुर्चीतनं उठला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. खालचा एक कारागीर कप घेऊन जिना चढून वर आला. म्हणाला, "चाचा, मेरी अम्मी को गाँव भेज सकते हैं क्या?" माझी छाती फुगली. मी म्हणालो, भेज दे. असं म्हणालो, जसं काय मीच डॉक्टर.

आता इथे एक जुनी गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी एके काळी प्यायचो. बायकोनं एका रिक्षाच्या मागे जाहिरात वाचली, 'दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता.' ती पावडर आणली आणि माझ्या आमटीत घालायला लागली. मला हगवण लागली. तेव्हा आम्ही चाळीत राहायचो, संडास सामायिक. आठ दिवस मी त्या रांगेतच होतो, गुत्त्यावर जायला वेळ कुठला. नंतर मी दारू सोडली ती खरंच सोडली. पावडरीनं सोडली, का त्या रांगेत लोकांनी माझ्याकडे जसं बघितलं त्यानं सोडली, ते देवाला माहीत. बायकोच्या डोक्यात मात्र पक्कं बसलं. पावडर चालते, आणि न सांगता घातली तरच चालते.

तर चूर्णाची जाहिरात पेनड्राइव्हवर गेली, सहा रिक्षांना वाटली. मी उल्हासनगरला फिरवत होतो. त्याच वेळी दुसरा एक रिक्षावाला तीच घेऊन बेलवलीला आमच्या गल्लीत शिरला. हे मला मागाहून शेजारणीनं सांगितलं. बायको दारात धागे कापत होती. भोंग्यातनं माझा आवाज आला. कणकेचं ऐकल्यावर तिची कात्री थांबली. शेजारीण म्हणाली, "अगं, भावजी तुला औषध घालतायत आणि तू आम्हाला बोलली नाहीस." बायको म्हणाली, "मला तरी कुठे सांगितलं." आणि लाजली. तीस वर्षांच्या संसारात माझी बायको माझ्यावरनं लाजली, आणि मी तेव्हा उल्हासनगरच्या सिग्नलला एका म्हाताऱ्याशी भांडत होतो.

त्या दिवशी मी घरी आलो तर चहा समोर. न खाकरता. मी कपाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, म्हटलं कोणी वारलंय का. नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी तळलेले बोंबील. तिसऱ्या दिवशी फाटलेला खिसा शिवलेला. मला वाटलं आपलं नाव झालं, तिन्ही गावांत आवाज गेलाय, आता घरात पण कदर झाली. आरशात दोनदा भांग पाडायला लागलो. केस नाहीत तिथे पण पाडला.

एक गोष्ट मात्र विचित्र. रोज संध्याकाळी ती परातीत पीठ काढायची, पाणी बाजूला ठेवायची आणि म्हणायची, "मी जरा खाली जाऊन येते. दहा मिनिटं लागतील." दहा मिनिटं हे दोनदा सांगायची. आणि परत येताना जिन्यातनंच मोठ्यानं खोकायची, मग दार ढकलायची. मला वाटलं, बोक्यानं मागे एकदा पिठात तोंड घातलं होतं, म्हणून मला राखणीला बसवते. मी इमानदारीत परातीसमोर मांडी घालून बसायचो, हातात लाटणं घेऊन. बोका काय आला नाही. ती आली की परातीत बघायची, माझ्याकडे बघायची, हसायची. मी पण हसायचो. वीस-बावीस दिवस आम्ही दोघं एका परातीवर हसत होतो आणि त्या परातीत पिठाशिवाय काही नव्हतं.

गोळ्या तिनं पहिल्याच दिवशी बंद केल्या. जाहिरातीत मी डबा खिडकीतनं फेकला होता, घरात तो फळीवरच होता. तिला वाटलं, बोलले पण फेकवला नसेल यांच्यानं, यांचं प्रत्येक काम अर्धं. म्हणून तिनं तो आपल्या हातानं धाग्यांच्या कचऱ्यात टाकला.

मधे कधीतरी तिच्या हातनं कात्री सुटून पायाच्या अंगठ्यावर पडली. मला बोलली नाही. जीन्सच्या कापडाची एक पट्टी गुंडाळली आणि काम चालू. मग ती पाणी फार प्यायला लागली. मग दुपारी गठ्ठ्यावर डोकं टेकून झोपायला लागली. मी म्हटलं वय झालं. माझं नाही, तिचं. एका सकाळी शेजारणीनं मला जिन्यात गाठलं. "भावजी, तिच्या पायाला वास येतोय. तुमच्या नाकाला काय झालंय?"

पट्टी सोडली. अंगठा बाजूनं काळा पडला होता.

तिला उचलूनच रिक्षात बसवली. चावी फिरवली आणि वर भोंगा आपोआप चालू झाला, तो चावीलाच जोडलेला आहे. 'साखरेचा आजार मुळापासून.' मी बंद करायला हात घातला तर ती मागनं म्हणाली, "राहू द्या. बरं वाटतं ऐकायला." मी राहू दिलं. बेलवली ते कुळगाव, फाटकाजवळच्या गर्दीत, अंगठा सडलेली बायको मागे आणि तिची साखर खाली आल्याची बातमी टपावर. रस्त्यानं दोन माणसांनी नंबर पण लिहून घेतला.

डॉक्टरनं बोट टोचून मशीनवर बघितलं, मग दुसऱ्या मशीनवर बघितलं. म्हणाला, "गोळ्या घेताय का?"

बायको म्हणाली, "बंद केल्या. आता यांचं चालू आहे." आणि माझ्याकडे अशी बघितली, की मी भिंतीला टेकलो. "यांनी महिनाभर कणकेतनं दिलंय. मला सांगितलं नाही, पण मला माहितीय."

डॉक्टर माझ्याकडे वळला. "काय घातलंत कणकेत?"

"काही नाही साहेब."

"घाबरू नका. काय घातलं ते कळलं पाहिजे."

"खरंच काही नाही. मी आयुष्यात कणकेला हात लावलेला नाही."

"मग त्या काय म्हणतायत?"

मी सांगितलं. फीलिंगवाला टाइम, कारागिरांचा चहा, सगळं. सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला, की डॉक्टर दोनदा म्हणाला मोठ्यानं बोला. बायको पाय समोर घेऊन बसली होती, ती अंगठ्याकडे बघत राहिली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी चटणीशी खाल्ल्या असत्या.

दवाखान्यात दाखल केली. अंगठा राहील की काढावा लागेल ते चार दिवसांनी सांगू म्हणाले. ते चार दिवस मी दवाखान्याच्या बाहेर बाकड्यावर बसायचो आणि दिवसातनं दोनदा माझाच आवाज रस्त्यानं जायचा. 'गोळ्यांचा डबा मी खिडकीतनं फेकून दिला.' बाजूला बसलेला माणूस म्हणाला, "काय दम आहे हो आवाजात. खोटं वाटतच नाही." मी म्हणालो, हो ना.

दुसऱ्या दिवशी कॅम्प तीनला गेलो. साईं खूश. "चाचा, सबसे ज्यादा यही चल रहा है। वो आखिरवाला हिस्सा, कमाल।" मी त्याला बायकोचं सांगितलं. त्यानं तिथल्या तिथे काँप्युटरमधनं जाहिरात पुसली, कानाला हात लावला, भाभीला काय लागलं तर सांग म्हणाला. पण पेनड्राइव्ह बाहेर गेलेल्या होत्या. आपण बोललेलं आपल्याला पुसता येतं, लोकांच्या खिशातलं कसं पुसणार. पाच रिक्षावाल्यांना फोन केले. तिघांनी काढतो म्हटलं. एक म्हणाला, "काका, आता त्याच्यावरच डिझेल निघतंय." त्याची रिक्षा गॅसवर चालते, पण मुद्दा मला कळला. पाचव्यानं उचललाच नाही.

खाली उतरून त्या कारागिराला शोधला. आईला डबे पाठवले होते त्यानं, दोन. मी म्हणालो फोन लाव, गोळ्या बंद करू देऊ नको, मी खोटं बोललो होतो. तो मशिनीवरनं उठला नाही. म्हणाला, "आपने ही तो बोला था, भेज दे।" मग फोन लावला. त्याच्या आईनं डबे देवघरापाशी ठेवले होते, चांगला दिवस बघून सुरू करणार होती. तिला कोणीतरी चांगला दिवस बघायची सवय लावली होती, तीच उपयोगी पडली. तो परत मशिनीला बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चाचा, अब जाओ। काम है।"

मग मी एक हुशारी केली. म्हटलं भोंग्यानं बिघडवलंय, भोंग्यानंच नीट करू. माइक घेतला आणि बेलवलीपासून सुरुवात केली. "मंडळी, चूर्णाची जाहिरात करणारा तो मीच. मी खोटं बोललो. माझ्या बायकोनं गोळ्या बंद केल्या, ती दवाखान्यात आहे. डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका." तीन गल्ल्या झाल्या. चौथ्या गल्लीत एक गृहस्थ बनियनवर खाली आले, रिक्षा थांबवली आणि म्हणाले, "ते चूर्ण खोटं, बरोबर. मग तुमचं कुठलं आलंय?"

"माझं काही नाही काका."

"अहो, असं कसं. एवढं पेट्रोल जाळून कोणी फुकट फिरतं का? डबा दाखवा."

खिडकीतनं एक बाई ओरडली, "आमच्यासाठी पण एक ठेवा, संध्याकाळी घेते." मी अर्धा तास शपथा घातल्या. जेवढ्या घातल्या तेवढी गर्दी वाढली. शेवटी एकानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, सेल किती दिवस आहे. सख्ख्या भावाचं न ऐकणारी ही माणसं, सुनेनं केलेल्या चहाचा वास घेऊन पिणारी. टपावर भोंगा दिसला की यांची अक्कल चप्पल काढून बाहेर थांबते. आणि मी कोणाला बोलतोय, मोराची चादर माझ्याच घरी आहे.

अंगठा राहिला. नख गेलं, थोडं मांस गेलं, पण अंगठा राहिला. पाचव्या दिवशी तिला घरी आणली. येताना भोंग्याची वायर मी कापूनच टाकली होती, त्यामुळे रस्ताभर नुसत्या इंजिनाचा आवाज. घरी आल्यावर गोळ्यांचा नवा डबा तिनं फळीवर ठेवला, मी खुर्चीवर चढून तो अजून वर ठेवायला गेलो तर म्हणाली, "तिथे नको. मला दिसला पाहिजे."

संध्याकाळी मीच परात घेतली. म्हटलं आज कणीक मी मळतो. पाणी जास्त पडलं, मग पीठ घातलं, मग पाणी. शेवटी आठ दिवस पुरेल एवढा गोळा झाला. ती गठ्ठ्याला टेकून बसली होती, पाय उशीवर, धागे कापायला परत सुरुवात केलेली. माझ्या कोपरापर्यंत कणीक बघून पण हसली नाही. मला ते हसू पाहिजे होतं, खोट्यावर मिळालेलं का असेना. सवय लागली होती.

तेवढ्यात चहाची तलफ आली. खाकरलो. काही नाही. परत खाकरलो. ती उठू शकत नाही हे माझ्या लक्षात यायला तिसऱ्या खाकरण्यापर्यंत वेळ लागला. मग मीच चहा टाकला, तिचा बिनसाखरेचा, आणि कप तिच्यापुढे ठेवला. तिनं आधी कपाचा वास घेतला.

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "एक विचारू? तीस वर्षांत तू माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाहीस. भाजी ताजी आहे म्हटलं तर हातानं दाबून बघतेस. पाऊस पडतोय म्हटलं तर खिडकीत जातेस. मग हेच कसं खरं वाटलं तुला?"

तिनं एक धागा कापला, पँटीची घडी घातली, पुढची घेतली.

"घरात बोलता ते तुमच्या डोक्यातनं येतं, हे मला माहीत असतं," ती म्हणाली. "भोंग्यातलं मला वाटलं, कोणा शहाण्यानं लिहून दिलं असेल."